आजीच्या सहीचं काय करायचं?

माननीय अदितीताई तटकरे,
महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य



मी आपल्या श्रीवर्धन मतदारसंघातली, म्हसळा तालुक्यातली. मतदार यादीत नाव आहे, मतदानाला मात्र येता येत नाही. तिकिटाचे पैसे आणि रजा या दोन्ही गोष्टी एकदम कधी जुळत नाहीत. सध्या मुक्काम अर्दिया, कुवेत. नाव ओळखीचं नसेल, पण हा भाग आपण टीव्हीवर नक्की पाहिला असणार. २१ डिसेंबर २०२४ ला पंतप्रधान इथल्या जाबिर अल-अहमद स्टेडियमवर गल्फ कपच्या उद्घाटनाला आले होते. १९८१ मध्ये इंदिराबाई येऊन गेल्या, त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी भारताचा पंतप्रधान कुवेतला आला. ते स्टेडियम अर्दियातच आहे. आमची खोली एका व्हिलाच्या गच्चीवर, तिथून त्याचे दिवे दिसतात. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर धाकट्याला दिवे दाखवले, तर त्याने विचारलं, "मोदी तुझ्या शेजारी राहतात?" थोरली त्याला हसली. मागून माझी आई म्हणाली, "राहत असतील तर त्यांना म्हणावं, पोस्टातलं आमचं काम करून द्या."

पोस्टातल्या त्या कामासाठीच हे पत्र आहे. पण त्याआधी एक शब्द सांगते, कारण तो शब्द मला इथे आल्यावर भेटला आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

मी डी.एड. आहे. गावाकडे शिक्षक भरतीची वाट बघून कंटाळले आणि साडेतीन वर्षांपूर्वी इथे आले. एका खासगी पाळणाघरात मदतनीस म्हणून काम करते. बूट काढणं, डायपर बदलणं, जेवू घालणं, झोपवणं. दारावर अरबीत पाटी आहे. पहिल्या आठवड्यात मी सोबतच्या इजिप्शियन बाईला विचारलं, हे काय लिहिलंय? ती म्हणाली, "हदाना." म्हणजे पाळणाघर. पुढे कळलं की नवरा-बायको वेगळे झाले आणि मूल कुणाकडे राहील हे कोर्टाने ठरवायचं असलं, तर त्यालाही इथे हदानाच म्हणतात. मुळात अर्थ मूल उराशी धरण्याचा. ज्याने धरलंय त्याच्याकडे हदाना. आणि कुवेतच्या १९८४ च्या ५१ क्रमांकाच्या कायद्यात हदाना कुणाची, याचा क्रम लिहिलेला आहे. पहिली आई. तिच्यानंतर कोण, तर आईची आई.

आमच्या पाळणाघरात एक आजी रोज दुपारी नातवाला न्यायला येते. इथे आजीला 'यद्दा' म्हणतात. काळी अबाया, हातात जपमाळ, गुडघे माझ्या आईसारखेच दुखरे. वहीत सही करते, नातवाचा डबा उघडून त्याने काय टाकलं ते बघते, आम्हाला दोन शब्द ऐकवते आणि जाते. तिची सही चालते, कारण दाखल्याच्या दिवशीच 'मूल कुणाच्या हवाली करावं' या रकान्यात तिचं नाव लिहिलेलं आहे. ती सही करते तेव्हा मी वही धरून उभी असते, आणि दर वेळी मला गावाकडची माझी आई दिसते.

कुवेतचं कौतुक करायला मी बसलेले नाही. माझी मुलं माझ्यापासून लांब आहेत, त्याला इथलेच नियम कारण आहेत. कुटुंब आणायचं तर कलम २२ चा व्हिसा लागतो. त्यासाठी पगाराची अट २०१९ मध्ये ४५० वरून ५०० दिनार झाली, आणि मध्ये काही काळ बंद असलेले हे व्हिसा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले ते थेट ८०० दिनारांवर. नवरा इथल्याच हरफियात, म्हणजे गॅरेजच्या वसाहतीत, मेकॅनिक आहे. आम्हा दोघांचे पगार मिळून ४०० च्या आसपास जातात. घरकाम करणाऱ्या बायकांना तर किमान पगार ६० दिनार ठरलेला आहे, २०१६ पासून. साठात आणि आठशेत केवढं अंतर आहे, ते आपणच बघा. या अंतरात आपल्या कोकणातली किती मुलं आजीकडे वाढतायत, हे मोजायचं कुणाला सुचलेलं मला माहीत नाही.

तर पोस्ट. मी इकडे आले तेव्हा धाकटा दीड वर्षाचा होता आणि थोरली सहा वर्षांची. दुसऱ्याच वर्षी आईने थोरलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. महिन्याला हजार रुपये भरायची. पालक म्हणून सही आईची. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ खात्याचं पत्रक निघालं आणि १ ऑक्टोबरपासून लागू झालं. आजी-आजोबा कायदेशीर पालक नसतील तर त्यांनी उघडलेल्या खात्याचं पालकत्व नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर करून घ्या, असं त्यात होतं. दिवाळीआधी आईला पोस्टातून बोलावणं आलं. ती पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेली आणि तशीच परत आली. रात्री फोनवर रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तो सांगतो मी तिची कायद्याने कुणी नाय. मी बोलले, बरं बाबा, मग उद्यापासून तूच तिची वेणी घाल."

कारकुनाचा यात काही दोष नाही. त्याच्यापुढे पत्रक होतं. पैसे मुलीचेच राहतात, बुडत काहीच नाही, हे मलाही समजतं. पण खातं माझ्या नावावर करायला मी समोर हवी, नाहीतर दूतावासातून शिक्का मारून आणलेला कागद हवा. दूतावासात जायचं तर आम्हा दोघांतल्या एकाचा दिवसाचा पगार जातो. कागद झाला की गावाकडे जाणारं कुणी शोधायचं. तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. एवढं सगळं केल्यावर समोरचा माणूस म्हणणार, हे मुखत्यारपत्र आहे, पालकत्व नव्हे.

दुसरी गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. धाकटा पडवीतल्या शेवाळावरून घसरला, हात मोडला. आईने शेजारच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे सांगितलं, भूल द्यावी लागेल, आईबापांची सही लागेल. तिथे सकाळचे साडेअकरा, इथे नऊ. कामावर असताना आमचे फोन कपाटात ठेवलेले असतात. मी कुणा दुसऱ्याच्या मुलाला खिमट भरवत होते. नवरा कुठल्यातरी गाडीखाली होता. साडेबाराला फोन हातात घेतला तर एकोणीस मिस्ड कॉल. तोवर भूल न देताच हात बसवून प्लास्टर घातलं होतं. आई म्हणाली, "ओरडला गं, लय ओरडला, पण मी धरून ठेवला होता त्याला."

धरून ठेवला होता. मला लगेच हदाना आठवलं.

नंतर मी फोनवर कायदा शोधून वाचला. शिक्षिकेची खोड, दुसरं काय. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये होतं, तेच आता न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात ते मूल कायदेशीरपणे आहे अशा दुसऱ्या व्यक्तीच्या संमतीने, प्रामाणिक हेतूने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. 'अशी दुसरी व्यक्ती' म्हणजे माझी आईच की! डॉक्टरला घाबरायचं काही कारण नव्हतं. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि आईच्या हातात दाखवायला कागद नाही. कायदा पुस्तकात आहे आणि रकाना फॉर्मवर आहे, दोघांची गाठच पडत नाही. रकान्यात तीनच पर्याय असतात. आई, वडील, कायदेशीर पालक.

मग म्हटलं, आईला कायदेशीर पालकच करून घेऊ. म्हसळ्याच्या ओळखीच्या वकिलांना फोन केला. ते सज्जन माणूस, फी न घेता अर्धा तास बोलले. हिंदूंच्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, १९५६ च्या, नैसर्गिक पालक कोण ते कलम ६ मध्ये लिहिलंय. बाप, त्याच्यानंतर आई. सावत्र बाप आणि सावत्र आई यात धरायची नाही, हेही तिथे आठवणीने लिहिलंय. लग्न झालेल्या अल्पवयीन मुलीचा पालक तिचा नवरा, हेसुद्धा. आजी-आजोबांचं नाव त्या यादीत नाही. मुस्लिम कायद्यात आईनंतर आईच्या आईला मान आहे. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातली नानी या बाबतीत माझ्या आईपेक्षा भक्कम आहे, फॉर्मच्या खिडकीवर मात्र दोघींची अवस्था एकच.

मग राहिलं कोर्ट. त्यासाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. इंग्रजांचा, पण अजून चालतो. त्याचं कलम १९ वकिलांनी मला वाचून दाखवलं आणि मी दोनदा परत वाचायला लावलं. मुलाचा बाप किंवा आई जिवंत असेल आणि कोर्टाच्या मते पालक व्हायला अपात्र नसेल, तर मुलाच्या देहाचा दुसरा पालक नेमता येत नाही. 'किंवा आई' हे २०१० च्या दुरुस्तीने आलं. दुरुस्ती चांगली, माझ्याच हक्काची. पण तिचा अर्थ माझ्यापुरता असा निघतो, ताई, की माझ्या आईला कागद हवा असेल तर मला कोर्टात नालायक ठरावं लागेल. आणि तिच्या जावयालाही.

वकील म्हणाले, "मृत्युपत्रात मात्र पालक नेमता येतो. तुम्ही दोघंही गेलात तर तो लागू होईल." हे ते अगदी सहज बोलले. त्यांना ठाऊक नव्हतं की मृत्युपत्र हा शब्द आम्हाला नवीन राहिलेला नाही. १२ जून २०२४ ला पहाटे इथल्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. आपले पंचेचाळीस भारतीय त्यात गेले. त्यानंतर कितीतरी दिवस हरफियात चहाच्या वेळी एकच बोलणं असायचं, आपलं काही झालं तर मुलांचं काय? नवऱ्याच्या गॅरेजमधल्या दोघांनी माझ्याकडून वहीच्या पानावर मृत्युपत्र लिहून घेतलं. मी लिहिलं, "माझ्या मागे माझ्या मुलांचा सांभाळ माझी आई करील." दोघांच्याही आया आजही तेच करतायत. ते लिहायला माणसाला मरावं का लागतं?

आता माझी कबुली. आम्ही आईला विचारलं नव्हतं. नोकरीचं जमतंय म्हटल्यावर मी आणि नवऱ्याने ठरवलं, आणि तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती बाहेर पडायला लागली होती. गावातल्या बायकांबरोबर पंढरीला जायचं ठरवत होती, माणगावच्या बहिणीकडे चार-चार दिवस राहायला जायची. ते सगळं बंद झालं. आता ती सहासष्ट वर्षांची आहे. पहाटे पाचला उठून डबे करते, थोरलीला गणित समजत नाही म्हणून शेजारच्या मुलाची मनधरणी करते, रात्री धाकटा झोपेपर्यंत त्याच्या अंगावरचा हात काढत नाही. आम्ही पैसे पाठवतो, त्यातून तिने स्वतःसाठी अजून एक साडी घेतलेली नाही. आपल्या 'लाडकी बहीण' योजनेला पासष्टची मर्यादा आहे, म्हणजे बहीण म्हणून तिचं वय उलटलंच. मी चेष्टेत हे म्हटलं, तर ती म्हणाली, "बहीण नको, बाय म्हण. बायचं काम चालू हाय ना माझं." आमच्याकडे सांभाळणाऱ्या बाईला बाय म्हणतात. मी इथे बाय आहे आणि ती तिथे बाय आहे. मला पगार मिळतो.

"मुलं टाकून गेलातच कशाला?" हे मला सुट्टीत घरी आल्यावर दर वेळी ऐकावं लागतं, बहुतेक वेळा अशा लोकांकडून ज्यांच्या घराचा पाया गल्फच्या पैशाचा आहे. त्याचं उत्तर देत बसत नाही. फक्त एक सांगते. आमचा शुक्रवार-शनिवार सुट्टीचा, मुलांचा रविवार. आम्ही मोकळे असतो तेव्हा ती शाळेत आणि ती मोकळी तेव्हा आम्ही कामावर. इथले साडेसात म्हणजे तिथले दहा. माझी आंघोळ होऊन मी फोन लावते तेव्हा धाकट्याचे डोळे मिटत आलेले असतात. आई त्याच्या तोंडासमोर फोन धरते आणि म्हणते, "बघ, कोण हाय?" तो झोपेत मान हलवतो. एवढंच काय ते आमचं पालकत्व.

माझं दुखणं तसं छोटं आहे. ज्या आजी-आजोबांची मुलंच गेली, त्यांच्याकडे ना पैसा येतो ना फोन. कोविडने अशी किती घरं केली. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी आपल्या सरकारने २०२१ मध्ये पाच लाखांची ठेव दिली, केंद्राने दहा लाखांची. बालसंगोपन योजनेची रक्कम आता महिन्याला २२५० रुपये आहे, मिशन वात्सल्यमध्ये ४००० मिळू शकतात. ही खरी मदत आहे आणि मी ती हलकी लेखत नाही. पण ती मिळवायला सत्तरीतल्या माणसाने किती खेपा घालायच्या? उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचे दाखले, आधार, बँक. बँकेत पुन्हा तोच प्रश्न, तुम्ही कायदेशीर पालक आहात का?

सुप्रीम कोर्टासमोर २०२२ च्या जूनमध्ये असाच एक खटला आला होता. कोविडमध्ये आईबाप गेलेलं अहमदाबादचं लहान मूल. हायकोर्टाने ते मावशीकडे दिलं होतं, कारण आजोबा एकाहत्तर वर्षांचे, आजी त्रेसष्टची, मावशी तरुण आणि कमावती. सुप्रीम कोर्टाने ते आजी-आजोबांकडे परत दिलं. वय आणि उत्पन्न हे एकमेव माप होऊ शकत नाही, असं सांगितलं. निकाल मला पटला. मात्र आपल्या समाजात बापाकडचे आजी-आजोबा नातवाला जास्त चांगलं सांभाळतात, असंही कोर्टाने म्हटलं होतं. त्यावर माझ्या आईचं मत मी इथे लिहिणं बरं दिसणार नाही.

आणखी एका कायद्याची गंमत सांगते. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. म्हाताऱ्यांना कुणी पोसायचं, ते त्यात लिहिलंय. मुलगा, मुलगी, नातू, नात. सज्ञान नातवाने आजीला पोसलं पाहिजे, हे कायद्याला बरोबर सुचलं. मग तीच आजी त्या नातवाला आधी अठरा वर्षं पोसते, त्याची नोंद कुठल्या कायद्यात आहे?

बाहेरच्या देशांत हे सगळं सुटलंय असं नाही, पण निदान नाव तरी दिलंय. इंग्लंडमध्ये २००५ च्या अखेरीपासून कोर्ट 'विशेष पालकत्व' देऊ शकतं. आईबापांचं नातं तुटत नाही आणि रोजचे निर्णय आजी घेते. अमेरिकेत २०१८ मध्ये खास नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी कायदा झाला आणि त्यांना काय लागतं ते बघायला सल्लागार मंडळ नेमलं गेलं. आपल्याकडे आजी सगळ्या गोष्टींत आहे आणि फॉर्मवर नाही.

आता मागणी. केंद्राचे कायदे आपल्या हातात नाहीत, हे मला कळतं. पण आपल्या हातात काय असतं, हे आपणच दाखवलंय. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं आणि १ मे पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं सक्तीचं झालं. किती वर्षं लोक म्हणत होते, हे कसं शक्य आहे, सॉफ्टवेअर बदलावं लागेल, फॉर्म बदलावे लागतील. बदलले. मला त्या फॉर्मवर अजून एक रकाना हवा आहे. 'प्रत्यक्ष सांभाळ करणारी व्यक्ती.'

आणि तो भरायला एक साधा दाखला. तो तहसीलच्या ठिकाणी मिळावा, कोर्टात नव्हे. आईबाप जिवंत असतील तर त्यांची संमती, परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर अधिकाऱ्यासमोर ओळख पटवून. जमिनीच्या खरेदीला आता अंगठा मशीनवर घेतात, मग संमती फोनवर घ्यायला काय हरकत आहे? आईबाप नसतील तर गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीने घरी येऊन बघावं आणि शिफारस करावी. समिती प्रत्येक गावात असायला हवी, कागदावर तरी असतेच. तिला एक खरं काम मिळेल. या दाखल्यावर शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती, आधार आणि मुलाच्या नावाचं खातं इतकं चालावं. घर-जमीन विकणं, दत्तक देणं, लग्न ठरवणं यातलं काहीही चालू नये. आईबापांनी म्हटलं की दाखला रद्द. आणि त्यावर दुसरं एक नाव असावं, आजीला काही झालं तर पुढे कोण. मंगाफनंतर आम्ही आमच्या मरणाचा विचार केला, आईच्या मरणाचा केला नाही. तिला मधुमेह आहे.

कुणी म्हणेल, असा दाखला मिळाला तर कुणीही कुणाचं मूल घेऊन जाईल. ही भीती खोटी नाही. मुलं पळवली जातात, मुलींची कोवळ्या वयात लग्नं लावली जातात, आणि ते करणारे बहुतेकदा नातेवाईकच असतात. म्हणूनच तो दाखला हवा. आज माझी आई माझ्या मुलांना सांभाळते, याची सरकारदरबारी कुठेच नोंद नाही. म्हणजे उद्या कुणा वाईट माणसाच्या घरात मूल राहत असेल तर त्याचीही नोंद नाही. नाव लिहिलं की कुणीतरी वर्षातून एकदा येऊन बघेल. अंगणवाडीच्या ताई तशाही येतातच, वजन करायला.

शाळेने मात्र आम्हाला कधी अडवलं नाही, हे सांगायला हवं. थोरलीच्या प्रगतिपत्रकावर 'पालकांची सही' या ओळीवर आई सही करते. तिला अक्षरओळख आहे, सही करायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी थोरलीने त्या सहीपुढे कंसात 'आजी' असं लिहून दिलं. वर्गशिक्षिकेने ते खोडलं नाही. मला वाटलं होतं, बाईंचा चांगुलपणा. पण शिक्षण हक्क कायद्याची, २००९ च्या, व्याख्या वाचली तेव्हा कळलं की बाई बरोबर होत्या. त्या कायद्यात पालक म्हणजे मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे तो, आणि त्यातच नैसर्गिक व कोर्टाने नेमलेला पालकही धरलाय. आधी ज्याने धरलंय तो, मग बाकीचे. सोळा वर्षं झाली, हे वाक्य आपल्याच कायद्याच्या पुस्तकात पडून आहे. शाळेच्या फाटकाबाहेर ते यायला कुणी बंदी केलेली नाही.

जाता जाता एक तातडीचं. धाकट्याला नुकतीच पाच वर्षं पूर्ण झाली. आता त्याच्या आधारवर बोटांचे ठसे द्यायला न्यायचंय. पुढच्या सोमवारी आई त्याला घेऊन म्हसळ्याला जाणार आहे. शाळेचा दाखला, माझं आधार, माझ्या पासपोर्टची झेरॉक्स, दूतावासाचा शिक्का मारलेला कागद, सगळं त्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवलंय. तिने काल विचारलं, "फॉर्मवर सही मी करू का जागा मोकळी सोडू?" मी म्हटलं, विचारून सांगते.

आपली,
म्हसळा तालुक्यातली एक मतदार
मुक्काम अर्दिया, कुवेत